फेस कोण धरून ठेवतं?

रिठ्याच्या पाण्याला भरपूर फेस आला की आजी म्हणायची, "रिठा चांगला निघाला." फेसाचं सगळं श्रेय रिठ्याला, साबणाला. डब्लिनला फेसावर पीएचडी करायला आले तेव्हा माझीही समजूत तीच होती. ती मोडली काचेच्या दोन नळ्यांनी.

दोन्हींत भांडी घासायचं एकच लिक्विड. एकीत नुसता नायट्रोजन सोडला. दुसरीतला नायट्रोजन आधी परफ्लुरोहेक्झेन या फ्लोरिनयुक्त द्रवाच्या बाटलीतून नेला. हा द्रव साधारण 57 अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून खोलीच्या तापमानालाही त्याची भरपूर वाफ वायूबरोबर येते. सकाळी दोन्हीकडे राजगिऱ्याएवढे बुडबुडे होते. संध्याकाळी पहिल्या नळीत साबुदाण्याएवढे झाले होते, दुसरीत राजगिराच! मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

लहान बुडबुड्यात दाब जास्त असतो. त्यातला वायू पाण्यात विरघळत, पातळ पडदा ओलांडून मोठ्या शेजाऱ्याकडे जातो. लहान खंगतो, मोठा फुगतो. परफ्लुरोहेक्झेन मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. नायट्रोजन बाहेर पडू लागला की लहान बुडबुड्यात या वाफेचं प्रमाण वाढतं, नायट्रोजनचं घटतं, आणि त्याचं बाहेर जाणं थांबतं. (कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनच्या सुमारे 50 पट विरघळतो. इथल्या काळ्या स्टाउट बिअरवरचा दाट फेस नायट्रोजनवर टिकतो, तो त्यामुळेच.)

फ्लोरिनयुक्त सर्फॅक्टंटचं, म्हणजे साबणासारख्या रसायनांचं, काम वेगळं. ते पाण्याचा पृष्ठताण 72 वरून 15 ते 20 मिलिन्यूटन प्रति मीटरवर आणतात, म्हणून अग्निशमनाच्या फेसातून झरणारं पाणी पेट्रोलवरही पातळ थरासारखं पसरतं. पण त्यांतल्या पीएफओएस या रसायनाचं निसर्गात विघटनच होत नाही. 2009 साली ते अशा चिवट, घातक रसायनांना आवर घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, आणि ते योग्यच झालं. आमची वाफही निर्धोक नाही. हवेत सुटली तर ती कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता अडवते, म्हणून मी ती थेंबाथेंबाने वापरते.

गेल्या दिवाळीत पुण्यात बाबांचा कॉन्ट्रास्ट एको, म्हणजे रक्तात बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी, झाला. हाताच्या शिरेतून काही मायक्रोमीटरचे बुडबुडे सोडले: बाहेर लिपिडचं कवच, आत फ्लोरिनयुक्त वायू. साध्या हवेचे असते तर फुप्फुसं पार करण्याआधीच विरून गेले असते. बाबा कुशीवर पडून माझ्याकडे बघत होते, आणि स्क्रीनवर त्यांच्या हृदयाचा डावा कप्पा पांढरा होत काठोकाठ भरला.