कोरचीच्या जंगलातला तेंदू : झुडपं सगळीकडे, झाडासाठी मात्र चालावं लागतं

मे महिन्यात गडचिरोलीत 'रस्त्याकडेला टेंभरांनी, म्हणजे तेंदूच्या फळांनी, लगडलेली झाडं दाखवतो' असं कुणी सांगत असेल, तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका. आमच्याशी नेमका हाच सौदा झाला होता. वडशाहून गाडी, सोबत वाटाड्या, आणि फूल, फळ, काळं लाकूड असं सगळं एका फेरीत. कुरखेडा सोडल्यापासून बेडगावचा घाट चढून जाईपर्यंत तेंदू दिसला तो मांडीपर्यंतच्या झुडपांचा. झुडपं अगणित होती, पण एकावरही फळ नाही की कळी नाही. गाडीवाल्यानं काच खाली करून बोट दाखवलं, "हाच तेंदू", आणि दुपारच्या आत परत फिरायची घाई सुरू केली. ठरलेले पैसे पूर्ण घेतले, वर 'हंगामात डिझेल महाग पडतं' म्हणून आणखी मागितले. पंपावरचा भाव हंगाम बघून बदलत नाही. भाडं ठरवताना अंतर, थांबण्याचे तास आणि परतीची वेळ कागदावर लिहून घ्या आणि निम्मे पैसे परत पोचल्यावर द्या.

झुडपं तेंदूचीच होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण झाड म्हणजे काय हे त्यांवरून कळत नाही. या भागात विडीसाठी पान तोडतात, आणि चांगलं पान हवं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बेलकटाई करतात, म्हणजे झुडपं जमिनीलगत छाटतात. तेंदूच्या मुळांना जागोजाग धुमारे फुटतात. वर कापलं, जळलं, गुरांनी खाल्लं तरी खालून पुन्हा फुटतो. छाटल्यावर येणारं पान मोठं, मऊ आणि सारखं असतं, दीड-दोन महिन्यांत तोडणीला येतं. दर वर्षी असं छाटलं की ते खोड कधी मोठं होतच नाही, आणि फुलाफळाला येण्याइतकं वय त्याला मिळत नाही. रस्त्याजवळचा, गावाजवळचा, फळीजवळचा (फळी म्हणजे तोडलेलं पान मोजून घेण्याची आणि वाळवण्याची जागा) सगळा तेंदू असाच आहे. ज्याला नुसतं पान बघायचंय त्यानं गाडीतून बघावं. ज्याला झाड बघायचंय त्यानं बेलकटाई होत नाही अशा रानात पायी जावं. दुसरा मार्ग नाही.

आम्ही ती गाडी सोडून दिली आणि कोरची तालुक्यातल्या एका गावात मुक्काम केला. गावाचं नाव देत नाही, कारण जुनी झाडं आहेत ती जागा देवाची आहे आणि नाव कुठे लिहू नका असं गावातल्या जाणत्यांनी स्पष्ट सांगितलं.

आता त्या झाडांकडे नेणाऱ्या टेकडीच्या उताराबद्दल, कारण याची कल्पना आम्हाला कुणीच दिली नव्हती. गावाबाहेरचा कोरडा नाला ओलांडला की टेकडीच्या खांद्यापर्यंत चढ आहे. बघायला साधा. सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणाचाही दम लागू नये इतका. पण हा सगळा पट्टा बेलकटाईचा आहे. कापलेल्या धुमाऱ्यांचे खुंट जमिनीपासून चार बोटं वर राहिलेले, कोयत्याच्या तिरक्या घावानं टोकदार झालेले, आणि त्यावर साग, येन, मोहाच्या वाळल्या पानांचा घोट्याएवढा थर. खुंट दिसतच नाहीत, ते पायाला कळतात. काही करंगळीएवढे, काही अंगठ्याएवढे जाड, वाळून कडक झालेले. आमच्यातल्या एकाच्या जाळीच्या स्पोर्ट शूजमधून खुंट आरपार गेला, तळव्याला जखम झाली आणि तो तिथूनच माघारी फिरला. जाळीचे, मऊ तळाचे बूट इथे पूर्ण निरुपयोगी आहेत. जाड रबरी तळाचे, घोटा झाकणारे बूट घाला. काठी हवीच, टेकायला नव्हे, पुढची पानं बाजूला सारायला. पाऊल सरळ खाली टाका, घासत नेऊ नका.

चढताना निदान डोळे जमिनीवर असतात. उतरताना पानांवरून पाय घसरतो, माणूस मागे बसतो आणि हात खुंटांवर पडतात. म्हणून कातडी किंवा जाड सुती हातमोजे घ्या. लोक हसतील, तरी घाला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बराच काळ झाला असेल तर निघण्याआधी घ्या. ही अतिकाळजी वाटत असेल, पण जवळचं मोठं रुग्णालय तिथून लांब आहे आणि दुपारी गाडी मिळेल याची खात्री नाही. परतताना आम्ही लांबचा वळसा घेऊन गुरांच्या वाटेनं उतरलो. तास जास्त लागला, पण पुन्हा गेले तर चढताना आणि उतरताना तीच वाट घेईन. तुम्हीही गावात पहिला प्रश्न गुरांच्या वाटेचा विचारा.

वेळेचं गणित अवघड आहे. मे महिन्यात पारा सहज ४३-४४ अंशांवर जातो, दहानंतर चालणं मूर्खपणा. मात्र अगदी पहाटे निघणंही धोक्याचं, कारण पिकलेलं टेंभरू अस्वलाचा आवडता खाऊ आहे. "पिकली का नाई, थे अस्वलाले पयले समजते," असं गावातून सोबत आलेले काका म्हणाले, आणि पुढच्याच झाडाखाली फळांच्या बियांनी भरलेली अस्वलाची विष्ठा होती. पानं तोडणाऱ्यांवर अस्वलाचे आणि वाघाचे हल्ले या पट्ट्यात होतात, आणि २०२१ पासून छत्तीसगडातून येणारे रानहत्तीही कोरची-कुरखेडा भागात फिरतात. नीट उजाडल्यावर निघा, चार-पाच जण एकत्र राहा, बोलत चाला, हत्ती कुठे आहेत हे आदल्या संध्याकाळी गावात विचारा. माणशी चार लिटर पाणी, त्यापेक्षा कमी नको. वर थेंब मिळत नाही.

खांदा ओलांडल्यावर मात्र सगळं वसूल झालं. पहिलं झाड बघून मी खरोखर ओरडले. पन्नासेक फूट उंच, खोड जवळपास काळं, साल आयताकृती खवल्यांत फुटलेली, मगरीच्या पाठीसारखी. ही साल एकदा नीट बघितली की पान नसतानाही तेंदू ओळखता येतो. जाड सालीमुळेच वणव्यातून मोठी झाडं वाचतात. आजूबाजूची जमीन मागच्या आगीनं काळी होती आणि झाडावर नवी पालवी होती. कोवळ्या पानाला दोन्ही बाजूंनी मखमली लव असते, पान जून होता होता वरची लव जाते आणि ते चामड्यासारखं होतं. काही पानांवर गाठी दिसतील. त्या ट्रायोझा नावाच्या बारीक किडीच्या असतात, आणि असं पान फळीवर बाद होतं.

फुलांसाठी भिंग न्या. तेंदूत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. एप्रिल ते जून नव्या फुटव्यांवर फुलं येतात. नर फुलं लहान, पानांच्या बगलेत झुबक्यानं; मादी फूल एकेकटं, थोडं मोठं. पाकळ्या मळकट पांढऱ्या, जोडून सुरईचा आकार झालेल्या. लांबून काहीच दिसत नाही, फांदी हातात धरूनच बघावी लागते. एका झाडाखाली फळ शोधत अर्धा तास घालवू नका. आधी फूल बघा. नर असेल तर पुढे चला, त्यावर फळ कधीच येणार नाही. मादी झाडावर यंदाची फुलं आणि मागच्या वर्षीची पिकत आलेली फळं एकाच वेळी दिसू शकतात, कारण फळ पिकायला साधारण वर्ष लागतं. माझ्या दृष्टीनं मे महिन्यातला त्रास सोसायचं हेच एकमेव कारण आहे.

फळ लिंबाएवढं, पिकल्यावर पिवळं, आणि देठाशी निदलांची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेढ्याची, टोपी घट्ट बसलेली. पुण्या-मुंबईत दिवाळीच्या आसपास हिमाचलातून येणारं नारिंगी 'जपानी फळ' आठवा, त्यालाही हीच टोपी असते. दोन्ही डायोस्पायरॉस या एकाच कुळीतली, आणि खरा आबनूस, म्हणजे एबनी, हाही त्यातलाच. खाताना घाई नको. फळ कच्चं असेल तर टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड असं आवळतं की पाण्यानंही सुटत नाही. बोटानं दाबून मऊ लागलं तरच खा. झाडाखाली पडलेलं, साल किंचित सुरकुतलेलं फळ सगळ्यात गोड, चिकूच्या जवळची चव. बी अर्धी कापून भिंगाखाली धरा: आतला गर एकसंध नसतो, त्यात सालीच्या घड्या खोलवर गेलेल्या दिसतात, सुपारी कापल्यावर दिसतात तशा.

काळ्या लाकडाबद्दल एकदा स्पष्ट सांगते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच आहे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये या झाडाचं वर्णन केलं तेव्हाच त्याला मेलॅनोझायलॉन, म्हणजे काळ्या लाकडाचं, असं नाव दिलं. पण काळा असतो तो फक्त आतला गाभा, आणि तोही जुन्या झाडात, वेड्यावाकड्या आकाराचा. बाहेरचं लाकूड गुलाबीसर करडं. वणव्यात पडलेल्या एका जुन्या खोडात हे दोन रंग शेजारी-शेजारी दिसले. त्यामुळे बाजारात कडेपासून कडेपर्यंत एकसारखी काळीभोर 'तेंदूची काठी' दिसली तर ती बहुधा रंगवलेली आहे असं समजा. आम्हाला अशीच एक अवाच्या सवा किमतीला दाखवली होती. टोकाला नखानं खरवडल्यावर आतून फिकट निघाली. जंगलातून लाकडाचा तुकडाही उचलू नका. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय चौकशीचा त्रास गावाला होतो.

उतारावर एक झाड सगळ्यांना चकवतं. साल फिकट, पान पातळ आणि बिनलवेचं, खोडावर कधी काटे. तेही याच कुळीतलं, डायोस्पायरॉस मोंटाना. फुलाचे भाग मोजा: त्यात चार-चार, तेंदूत बहुधा पाच. त्याचं फळ कडू, तोंडात घालू नका.

हंगामात गावात जाणार असाल तर लोकांना वेळ नसतो हे धरून चला. पानतोडणी जेमतेम दोन आठवडे चालते, पाऊस आला की संपली. पहाटे तोडणी, दुपारी घरी बसून ७० पानांचं एकेक पुडकं बांधणं, संध्याकाळी फळीवर मोजणी. अशी १,००० पुडकी म्हणजे एक प्रमाणित गोणी, म्हणजे ७०,००० पानं. कितीतरी घरांची वर्षाची रोकड या पंधरवड्यात येते. सोबत येणाऱ्याला त्या दिवसाच्या तोडणीत मिळाले असते त्याहून कमी देऊ नका. घासाघीस करायचीच असेल तर गाडीवाल्याशी करा. फळीवर वाळत घातलेल्या पुडक्यांमधून चालू नका, फोटो विचारून काढा.

एवढी दगदग नको असेल त्यांच्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपान तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि रानाला आगी लागतात. फळं माणसांना आणि पाखरांना राहतात. हातची रोकड सोडून घेतलेला हा निर्णय मला फार मोठा वाटतो. झाडाची बाजू घेणारी माणसं भेटायची असतील तर तिथे जावं. ग्रामसभेला आधी कळवा, परवानगी मिळाली तरच निघा.

कोरचीलाच जाणार असाल तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या रेल्वेनं वडशाला उतरा, पुढे एसटीनं कुरखेडा आणि कोरची. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ कोरचीत उतरल्याबरोबर स्टँडवर विचारून घ्या. ती चुकली की पुन्हा त्याच गाडीवाल्यांच्या तावडीत सापडाल.