अडीच पर्वतीएवढ्या पायऱ्या

सहकारनगरातील आमच्या घरापासून पर्वतीचा पायथा जवळच आहे आणि निवृत्तीनंतर तिच्या १०३ पायऱ्या चढण्याचा नेम मी सहसा मोडलेला नाही. त्यामुळे २०१९ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, केप हॅटरास दीपगृहाच्या दारातील कर्मचाऱ्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून ‘आत २५७ पायऱ्या आहेत’ असे बजावले, तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब केला: अडीच पर्वती. हिशेब बरोबर होता. मात्र पर्वतीवर वारा असतो आणि त्या विटांच्या नळकांड्यात तो नसतो, हे त्यात धरायचे राहून गेले. हिने अर्ध्या वाटेवरच्या खिडकीपाशी बसकण मारली आणि उरलेले दीपगृह मला बघून यायला सांगितले.

मुलगी आणि जावई रालीला राहतात. तेथून मोटारीने साडेतीन-चार तासांत ‘आउटर बँक्स’ नावाची बेटांची माळ लागते. शाळेच्या भूगोलात वाळूचा दांडा आणि त्यामागचे खाजण यांची आकृती आपण सर्वांनीच काढलेली आहे. येथे ती आकृती सुमारे तीनशे किलोमीटर लांबीची होऊन समोर पसरलेली दिसते. काही ठिकाणी बेट इतके चिंचोळे आहे की रस्त्यावरून एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला खाजणाचे शांत पाणी एकाच नजरेत येते. आणि हे सारे निव्वळ वाळूवर उभे आहे. माझी उमेद पुलांच्या आणि बंधाऱ्यांच्या पायांत गेली. आमच्याकडे पाया खणताना काळा पाषाण लागला की निम्मी काळजी मिटते. सह्याद्रीच्या त्या साडेसहा कोटी वर्षांच्या दगडावर विसंबून राहण्याची सवय जडलेल्या माणसाला ही बेटे पाहून पहिल्या दिवशी थोडे अस्वस्थच वाटते.

मग अशा जागी इतके उंच दीपगृह बांधायचे कारण काय, तर हॅटरासच्या टोकापुढे समुद्रात मैलोन्मैल गेलेले डायमंड शोल्स नावाचे उथळ वाळूचे पट्टे. उत्तरेकडे वाहणारा गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह आणि उत्तरेकडून येणारे थंड पाणी येथेच एकमेकांना भिडतात. दक्षिणेकडे निघालेल्या शिडाच्या जहाजांना गल्फ स्ट्रीमचा विरोध टाळण्यासाठी किनाऱ्याला धरून जावे लागे, आणि किनारा धरला की वाळूत रुतण्याची भीती असे. या पाण्याला ‘अटलांटिकचे स्मशान’ म्हणतात ते उगीच नाही. अमेरिकी यादवी युद्धातील प्रसिद्ध लोखंडी चिलखताची युद्धनौका ‘मॉनिटर’ ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे येथेच सोळा जणांसह बुडाली आणि तिचा सांगाडा थेट १९७३ मध्ये सापडला.

हॅटरासचे आजचे दीपगृह १८७० मध्ये पेटले. बांधणाऱ्यांना वाळूत खोलवर खांब ठोकता येईनात, तेव्हा त्यांनी पाणी लागेपर्यंत खड्डा खणला, त्या गोड्या पाण्याखाली पिवळ्या पाइन लाकडाच्या तुळया आडव्या-उभ्या रचल्या आणि त्यांवर ग्रॅनाइटचे दगड बसवून सुमारे दोनशे फुटांचा विटांचा मनोरा चढवला. लाकूड गोड्या पाण्यात सतत बुडलेले राहिले की कुजत नाही, हे त्यामागचे गणित. ते वाचून मी बराच वेळ फलकासमोरून हललो नाही. आपला पाया खडकाचा नसून ओलाव्याचा आहे असे समजून काम करायला वेगळीच छाती लागते.

पण बेट स्थिर राहिले नाही. वादळात लाटा समुद्राकडची वाळू उचलून खाजणाच्या बाजूला टाकतात, आणि अशा रीतीने संपूर्ण बेटच हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत राहते. मुळात समुद्रापासून १,५०० फुटांवर असलेले दीपगृह शंभर वर्षांत जेमतेम १२० फुटांवर आले. खारे पाणी पायापर्यंत पोचले असते तर ते लाकूडही टिकले नसते. पुष्कळ वाद झाले, मनोरा हलवताना कोसळेल अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली. अखेर १९९९ च्या उन्हाळ्यात सुमारे ४,८०० टनांचा तो मनोरा पायापासून कापून सुटा केला गेला, जॅक लावून उचलला गेला आणि पोलादी मार्गावरून पाच-पाच फुटांनी ढकलत २३ दिवसांत २,९०० फूट मागे नेला गेला. पुणेकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो: साधारण शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत. आता तो पुन्हा समुद्रापासून पूर्वीइतक्याच अंतरावर उभा आहे. वर पोचल्यावर मी आधी समुद्राकडे पाहिले नाही. जुनी जागा कोठे होती ते शोधले.

येथील दीपगृहांचे रंगही सोयीसाठीच ठरवलेले आहेत. रात्री प्रकाशाची लय ओळख देते, दिवसा अंगावरचे पट्टे: हॅटरासला काळे-पांढरे पीळ, बॉडी आयलंडला आडवे पट्टे, तर करिटकला रंगच नाही, नुसती लाल वीट. बॉडी आयलंडचा १८७२ मधील मनोरा तिसरा आहे. १८४७ चा पहिला नीट पाया न घातल्यामुळे कलला आणि सोडून द्यावा लागला. दुसरा यादवी युद्धात माघार घेणाऱ्या दक्षिणेच्या सैनिकांनी उडवून दिला. पहिल्याची हकिकत जावयाने मला दोनदा वाचून दाखवली. त्यामागचा त्याचा हेतू मला कळत होता.

हॅटरासहून फुकट फेरीबोटीने ओक्राकोक बेटावर जाता येते. तेथे ब्लॅकबिअर्ड या समुद्री चाच्याला लेफ्टनंट मेनार्डने २२ नोव्हेंबर १७१८ रोजी ठार केले. टोप्या, पेले, झेंडे, सगळीकडे तोच. १७१८ हा आकडा वाचून मला आपले खांदेरी आठवले, कारण त्याच वर्षी मुंबईच्या इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांच्या त्या किल्ल्यावर चढाई केली आणि हात हलवत परतले. इंग्रजांनी दोघांनाही चाचेच म्हटले. एक जण लुटारू होता आणि दुसरा छत्रपतींच्या आरमाराचा सरखेल, आपल्या पाण्यातून जाणाऱ्यांकडे दस्तक मागणारा. हा फरक मी नातवाला तिथल्या तिथे समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि कवटीचा झेंडाच विकत मागितला.

किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंचे स्मारक आम्ही धावतपळत पाहिले. पी आयलंडवर मात्र थांबलो. १८८० मध्ये तेथील जीवरक्षक ठाण्याचे प्रमुखपद गुलामगिरीत जन्मलेल्या रिचर्ड एथरिज यांना मिळाले आणि त्यांच्या हाताखालचे सर्व जण कृष्णवर्णीय होते. १८९६ च्या वादळात ‘ई. एस. न्यूमन’ हे जहाज फुटले तेव्हा किनाऱ्यावर पाणी इतके चढले होते की दोर फेकण्याची तोफ रोवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा दोघेदोघे कमरेला दोर बांधून लाटांत शिरले आणि जहाजावरच्या नऊही जणांना त्यांनी एकेक करून बाहेर काढले. सरकारी सुवर्णपदक मिळाले ते १९९६ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. त्या ठाण्याच्या जागी आज फक्त वाळू आणि गवत आहे.

आम्ही परतलो. सप्टेंबरमध्ये घरात गणपती बसलेले असताना मुलीचा फोन आला: डोरियन वादळ हॅटरासवर धडकले होते आणि ओक्राकोक गावात सहा-सात फूट पाणी शिरले होते. मी विचारले, समुद्राकडून आले का? ती म्हणाली, ‘नाही बाबा, मागून, खाजणाच्या बाजूने.’ आरतीसाठी हाका येत होत्या, तरी मी नकाशा उघडून फेरीबोटीचा धक्का कोणत्या बाजूला होता ते पाहत बसलो.