आमची वाटचाल : 23 ची टोपी आणि ती नकली लाट

रत्नागिरीचा माणूस कोलंबियात टोप्या कसा विकतो हे सगळेच विचारतात. बोटीवर होतो, कार्ताहेना बंदरात येणंजाणं होतं, लग्न जमलं, राहिलो, झालं.

सासर सान आन्द्रेस दे सोताव्हेन्तोचं, सेनू आदिवासींचा भाग, तिथून जवळच तुचीन, या टोप्या विणणाऱ्यांचं गाव. कोर्दोबा प्रांताला कॅरिबियनचा किनारा आहे पण आमचा धंदा आत, सिनू नदीच्या खोऱ्यात. प्रांताच्या राजधानीत, मोंतेरियात, 2008 ला दुकान टाकलं, सोंब्रेरो वुएल्तियाओ, म्हणजे काळी-पांढरी विणलेली टोपी, बाकी काही नाही. पहिल्या पार्टनर सासूबाईच. मांडीवर चामड्याचा तुकडा ठेवून त्या कान्या फ्लेचाच्या (आपल्या बोरूसारखं गवत) पानाची शीर सुरीने खरवडतात, तो खरखर आवाज मला झोपेतही ओळखू येतो. पांढरी हवी ती उन्हात वाळवायची, डागाळलेली चिखलात मुरवून पाल्याबरोबर उकळून काळी करायची. मग वेणी. वेणीत पात्यांच्या किती जोड्या त्यावर टोपीचा नंबर, 15, 19, 21, 23, 27. 27 ला कधी कधी महिना जातो आणि गिऱ्हाईक विचारतं, एवढी महाग का?

वेणी गोल फिरवत मशीनवर शिवायची. आमची जुनी सिंगर, पायाची. इलेक्ट्रिक घेतली होती, तिच्यावर पोरं घाईघाईत ओढायची आणि टाका वाकडा जायचा, सहा महिन्यांत विकून टाकली. नवीन धंदेवाल्यांनो, मशीन घेताना दुकानदाराचं ऐकू नका, शिवणाऱ्याचं ऐका.

तर 2012 चा डिसेंबर. बोगोताच्या एका घाऊक व्यापाऱ्याची 400 नगांची ऑर्डर होती, 19 आणि 21, मी विणणाऱ्या बायकांना वेणीचे अर्धे पैसे आधीच देऊन बसलेलो. तेवढ्यात चीनमधून नकली टोप्या आल्या, नक्षी नुसती छापलेली, रस्त्यावर आमच्या चौथाई भावात. आणि ही कोणती टोपी, तर 2004 ला कायदा करून जिला राष्ट्राचं सांस्कृतिक प्रतीक ठरवलं ती! व्यापाऱ्याने फोनवर सांगितलं, लोकांना फरक कळत नाही हो, आणि ऑर्डर कॅन्सल. लेखी काही नव्हतं ही चूक माझी, पण त्याच्या दुकानात महिन्याभरात तीच छापील टोपी लटकत होती हे मी स्वतः पाहिलंय आणि ते मी विसरणार नाही. जानेवारी 2013 मध्ये सरकारने नकली माल विकायला बंदी घातली, पेपरात फोटोबिटो, पण आमचे 260 नग तोवर घरात पडून, अर्धे पलंगाखाली. सासूबाईंनी चार महिने पैसे मागितले नाहीत. त्यांच्या बहिणींनी मागितले, रोज.

वाचवलं ते गुरांवाल्या काकांनी. नदीपलीकडे त्यांचा गोठा, दर वर्षी येऊन 19 चा भाव विचारणार आणि 23 घेऊन जाणार. त्या वर्षी आले, पलंगाखालचा ढीग बघितला, काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी ट्रक पाठवला, गोठ्यावरच्या माणसांसाठी 60 टोप्या, रोख. वर स्वतःसाठी 27 ची ऑर्डर, निम्मे पैसे आगाऊ. त्या पैशातून बहिणींचं देणं फिटलं, उरलेल्या 200 वर्षभर जत्रांमधून विकल्या.

जाता जाता सांगतो, टोपी घेताना दुमडून बघा. बारीक विणीची असेल तर खिशात घालून काढली तरी परत उभी राहते, छापील तिथेच मोडते. आणि शिवण बघा, मधोमध सुरू होऊन गोल गोल बाहेर आलेली हवी. एवढं दहा सेकंदांचं काम लोक करत नाहीत आणि मग मला फोटो पाठवून विचारतात.

पुढची वर्षं ठीकच गेली. काका आता ऐंशीच्या पुढे. गेल्या डिसेंबरात तीच 27 ची घेऊन आले, कडेचा टाका सुटला होता. मशीनवर पाच मिनिटं लागली, पैसे नको म्हटलं तर असे भडकले की सासूबाई आतून धावत आल्या आणि त्यांनीच पैसे घेतले, माझ्या हिशोबापेक्षा जास्तच.