जन्मस्थळाचा रकाना

2027 ची जनगणना मोबाईल अ‍ॅपवर होणार म्हणे, स्टाफरूममध्ये त्यावरून चर्चा चालू झाली आणि मला माझी 2011 ची ड्युटी आठवली. 9 ते 28 फेब्रुवारी, सकाळी शाळा आणि दुपारनंतर खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म. तेव्हा सगळं कागदावर होतं, फॉर्म मुडपायचा नाही, डाग पाडायचा नाही कारण तो नंतर स्कॅन होणार, म्हणून मी पोराचं परीक्षेचं पॅड ढापलं होतं आणि तो रोज संध्याकाळी बोंबलायचा.

माझा ब्लॉक, म्हणजे मी मोजायची घरं, मुंबईत काळाचौकीच्या बाजूला, दोन जुन्या चाळी आणि मागे पत्र्याचे गाळे. चाळीत निम्म्या खोल्यांना कुलूप. शेजारी विचारलं की उत्तर ठरलेलं, हे विरारला गेले, ते बदलापूरला. पुढे आकडे आले तेव्हा मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली घसरलेली आणि ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांवर, देशात सगळ्यात मोठा. सगळे चकित झाले, मी नाही झाले, ती कुलपं मी स्वतः बघितली होती.

तर त्या दिवशी तळमजल्यावरची गावकीची खोली होती. देवगड तालुक्यातल्या एका गावच्या मंडळाची. दहा बाय बाराची असेल, भिंतीला वरपर्यंत फळ्या, फळ्यांवर पत्र्याच्या ट्रंका आणि प्रत्येक ट्रंकेवर ऑइल पेंटने नाव आणि खाली वाडीचं नाव. गिरण्या चालू होत्या तेव्हा ह्या एवढ्याशा खोलीत तीस-पस्तीस माणसं राहायची, म्हणजे पहिली पाळी कामावर गेली की तिसऱ्या पाळीने त्याच चटईवर अंग टाकायचं आणि जेवण बाहेर खानावळीत. 82 च्या संपानंतर बरेच गावी गेले ते गेलेच. आता सहा जण, दोन म्हातारे आणि बाकी सिक्युरिटी नाहीतर कुरिअरवाले. ट्रंका मात्र तशाच, काहींचे मालक वारलेत तरी कोणी खाली काढत नाही.

त्यातले मोठे काका दारातच बसलेले. मला बघून म्हणाले, "बाई, आमचा काय लिवतास, आमी हयसरचेच. थंय मागे जावा, त्या भैयांका मोजा आधी."

मी म्हटलं काका, सगळ्यांनाच मोजायचंय. जन्म कुठला?

"देवगड."

मुंबईत कधी आलात?

"चौसष्टात इलंय."

कशासाठी?

"कशासाठी म्हणजे? पोटासाठी!"

आता फॉर्मात पोटासाठी असा पर्याय नाही. काम-नोकरी, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबासोबत स्थलांतर आणि इतर. मी काम-नोकरी टाकलं. काका पॅडवर वाकून बघत होते, म्हणाले, "म्हणजे ह्येच्यात आमी भायरचे?" मी म्हटलं काका, एकटे नाही तुम्ही, 1921 च्या जनगणनेत ह्या शहरातली शंभरातली ऐंशीहून जास्त माणसं बाहेर जन्मलेली होती. ते काही बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळायचे थांबले.

मागच्या गाळ्यात जरीचा कारखाना. लाकडी अड्डा, म्हणजे भरतकामाची मोठी चौकट, त्यावर ताणलेलं लाल लेहंग्याचं कापड, दोन्ही बाजूंनी पोरं मांडी घालून, मान खाली, सुई वर-खाली. चौदा जण. रात्री ह्याच अड्ड्याखाली झोपायचं, बॅगा खुंट्यांना. चौदाही मधुबनी जिल्ह्यातले आणि त्यातही दोनच गावांतले. एकाने विचारलं, "मैडम, कागज तो कुछ है नहीं मेरे पास," मी म्हटलं कागद लागतच नाही, तोंडी सांग. वय विचारलं तर शेजारच्याकडे बघून म्हणाला, बीस लिख दीजिए. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब अशी आमची व्याख्या, पण नात्यातलं कोणीच नाही, मग सुपरवायझरना फोन. तेवढ्यात मी सवयीने वर बघितलं, ट्रंका कुठेत म्हणून. हसूच आलं.

कारखानदार तिशीतला, चक्क मराठीत बोलायला लागला. जन्म कुठे? "इथेच मॅडम, पलीकडच्या प्रसूतिगृहात." कधी दुसरीकडे राहिलास? "नाही, सुट्टीत गावी जातो तेवढंच." म्हणजे ह्याचे स्थलांतराचे पुढचे रकाने कोरे!

दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं तर प्रत्येकीकडे तसलंच. सायन कोळीवाड्यातली म्हणाली, माझ्याकडे म्हातारी मंडळी जन्मस्थळ रावळपिंडी सांगतात, पुढे देश पाकिस्तान लिहायचा. कुंभारवाड्यातली सौराष्ट्र लिहून कंटाळलेली. आपण मुंबई मुंबई म्हणतो पण माणूस मुंबईत येतच नाही, तो त्याच्या गावच्या आधी आलेल्या माणसाच्या खोलीत येतो, म्हणून एकेक गल्ली आख्खीच्या आख्खी एकेका तालुक्याची होते. ब्लॉकचा हाताने काढलेला नजरी नकाशा असतो, त्यात मी खोल्यांना नंबर घातले, खरं तर गावांची नावं घालायला हवी होती.

तर त्या दिवशी गाळ्यातून परत निघाले तर काका तिथेच. "काय, गावले सगळे?" मी म्हटलं हो, आणि तो कारखानदार इथेच जन्मलाय काका, त्याला पुढचं काही विचारायचंच नव्हतं. "तो हयचो?" त्यांनी एकदा मागे बघितलं. मग माझ्याकडे. "आणि तुमी खंयच्या?"

आता माझी गंमत. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मी जन्मले कुडाळला, सव्वा महिन्याची असताना एसटीने मुंबईत आले. आमच्या घरी आलेल्या प्रगणकाने चारच दिवसांपूर्वी माझ्यापुढे 'जन्मानंतर स्थलांतर' टाकलं होतं. मी सांगितलं, जन्म कुडाळचा.

काका खूश. "मगे आधी सांगूचा नाय? तुमी आमच्यातल्याच," असं म्हणून त्यांनी आतल्या पोराला चहा टाकायला सांगितला.