आमची वाटचाल : कॅथेटरच्या जेलीपासून इथपर्यंत

इंदूरच्या दवा बाजारात आमची छोटी फर्म आहे. सुरुवात सर्जिकल मालानं झाली, ग्लोव्हज, कॉटन, ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) आणि ती नळी सहज आत सरकावी म्हणून लावायची बुळबुळीत लुब्रिकंट जेली. एम.वाय. हॉस्पिटल जवळ, आजूबाजूला नर्सिंग होम भरपूर, त्यामुळे काम मिळत गेलं. मी बी.फार्म आहे, माल मी बघते, उधारी-वसुली माझे मिस्टर. ही जेली मूळची दवाखान्यातलीच वस्तू, के-वाय जेली 1904 साली अमेरिकेत सर्जन लोकांसाठी निघाली आणि संबंधाच्या वेळी वापरायला बेडरूममध्ये पुष्कळ नंतर पोचली. आमच्याकडेही तसंच झालं. नर्सिंग होमच्या सिस्टर ऑर्डर लिहून झाल्यावर हळूच म्हणायच्या, ताई, एक ट्यूब वेगळी द्या ना, घरी पाहिजे. मग त्यांच्या बहिणी आल्या, मग रामबागेतल्या ओळखीच्या काकू आल्या, आणि माझ्या लक्षात आलं की हे विचारायला बायकांना दुसरी जागाच नाही.

येणाऱ्यांत दोन गट मोठे, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि पाळी गेलेल्या. दोन्ही वेळी शरीरात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी असतं, म्हणून योनी कोरडी पडते, आतली त्वचा नाजूक होते आणि संबंधाच्या वेळी आग होते, चिरल्यासारखं वाटतं. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी, डिप्रेशनच्या काही औषधांनी, कॅन्सरच्या किमोनंही होतं. पण घरात याचा अर्थ भलताच लावला जातो, नवऱ्याला वाटतं हिला मी नको झालो, हिला वाटतं माझ्यातच काही कमी आहे, आणि दोघंही बोलत नाहीत. मन तयार असूनही शरीर ओलं होत नाही असं अगदी नॉर्मल माणसांत होतं, हे मी काउंटरवर इतक्या वेळा सांगते की मिस्टरांनाही पाठ झालंय.

जेली माहीत होईपर्यंत लोक काय वापरतात तर खोबरेल, तूप, व्हॅसलीन, बेबी ऑइल, नाहीतर थुंकी. थुंकी लगेच सुकते. आणि तेलाचं म्हणाल तर कंडोम लेटेक्सचा, म्हणजे रबराचा असेल तर तेलकट काहीही नको म्हणजे नकोच, तेलानं लेटेक्स काही मिनिटांतच कमजोर पडतं आणि कंडोम फाटतो, हे मी तरुण जोडप्यांना जरा दरडावूनच सांगते. कंडोम नसेल, वारंवार इन्फेक्शन होत नसेल, तर साधं खोबरेल बऱ्याच जणींना चालतं, त्यांना मी उगाच महाग बाटली देत नाही.

पर्सनल लुब्रिकंटचा वेगळा स्टॉक ठेवायचा ठरवलं तेव्हा खरा अभ्यास सुरू झाला. बाजारात रंगीत डबे खूप, मागचं बारीक अक्षर कोणी वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2012 सालची एक सूचना आहे, त्यात ऑस्मोलॅलिटीचा, म्हणजे जेलीत विरघळलेले पदार्थ किती दाट आहेत याचा मुद्दा आहे. म्हणजे असं की जेलीत ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल जास्त असलं तर ती आतल्या त्वचेच्या पेशींमधलं पाणी ओढून घेते, बाहेरून गुळगुळीत वाटतं पण आतून पेशी सुकतात, सोलवटतात, मग नंतर जळजळ. आदर्श आकडा 380 च्या आत, निदान 1200 च्या वर तरी नको असं त्यात म्हटलंय, आणि खूप खपणाऱ्या काही ट्यूब कित्येक हजारांवर असतात! पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, योनीसाठी साधारण 4.5, गुदद्वारासाठी 5.5 ते 7. आम्ही कंपन्यांना मेल करून हे दोन आकडे मागायला लागलो. पुष्कळ ठिकाणी सेल्सवाल्याला प्रश्नच कळत नाही. ज्यांच्याकडून आकडा येत नाही त्यांचा माल आम्ही उचलत नाही, यात धंदा गेलाय, पण काकूंना आग होणारी वस्तू विकून मला रात्री झोप लागणार नाही.

बधिर करणाऱ्या जेल आणि 'टाइट' करणारी क्रीम आम्ही ठेवतच नाही. मार्जिन चांगलं असतं, मागणीही आहे. पण दुखणं हा शरीराचा इशारा आहे, तो बंद करून पुढे जायचं म्हणजे इजा झाली तरी कळणार नाही. गरम किंवा थंड लागणाऱ्या जेल ज्यांची त्वचा आधीच नाजूक आहे त्यांना मी देत नाही.

साध्या वापराला वॉटर बेस्ड बरी, कंडोमला चालते, धुतली की जाते, सुकली तर थोडं पाणी लावलं की परत ओली होते. सिलिकॉनवाली महाग पण टिकते, लेटेक्सला चालते, फक्त सिलिकॉनच्या सेक्स टॉयवर लावू नका, खराब होतं, आणि बाथरूमच्या फरशीवर सांडली तर घसरून पडाल. मागच्या बाजूनं संबंध असेल तर तिथे स्वतःचा ओलावा नसतो, जाडसर आणि भरपूर लावायला पाहिजे. बाळासाठी प्रयत्न करणाऱ्यांनी आधी विचारावं, बऱ्याच जेलीत शुक्राणूंची हालचाल मंदावते, त्यांच्यासाठीच्या वेगळ्या मिळतात.

लावायची रीत आम्ही मराठी आणि हिंदी दोन्हीत छापून पाकिटात घालतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. मग बोटाच्या पेरावर मावेल एवढी घ्या, तळहातावर कोमट करा, दोघांनाही लावा, कमी पडली तर थांबून परत लावा, घाई कशाला. कंडोमच्या आत टोकाला एखादाच थेंब, जास्त झाली तर निसटतो.

आणि जेली लावूनही दुखत असेल, रक्त येत असेल, आत काही जाऊच शकत नसेल, तर आमच्याकडे दुसरी ट्यूब मागू नका, गायनॅककडे जा. पाळी गेलेल्यांना डॉक्टर योनीत लावायची इस्ट्रोजेन क्रीम देतात, तिनं मूळ कोरडेपणाच कमी होतो, जेली फक्त त्या वेळेपुरती.

आता देवास, उज्जैन, महूहूनही लोक विचारतात, म्हणून एका वेळेच्या छोट्या सॅशे ठेवल्यात, मोठी ट्यूब घेऊन न मानवण्यापेक्षा हे बरं. पाकीट साधं खाकी असतं, वर फक्त फर्मचं नाव. दुपारी दोन ते चार काउंटरवर मीच असते, त्या वेळेत मिस्टर आणि मुलं मागच्या गोडाऊनमध्ये असतात.