आमची वाटचाल: मांडव, पेठ आणि तो नकाशा

आमचा धंदा मांडवाचा. गोडाऊन पुण्यात शुक्रवार पेठेत, मंडईच्या अगदी जवळ. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्या पुरात पडलेल्या घरांचे वासे दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिळेल त्या भावात घेतले, धुतले, उन्हात वाळवले आणि त्यावर पहिला मांडव घातला. टेम्पो नव्हता, हातगाडी होती. पुढची तीस-पस्तीस वर्षं लग्नं, मुंजी, गणपती, नवरात्र यांत गेली. कामाला कमी नव्हतं.

दादांची पहार अजून आहे. पाच फुटी, एका टोकाला चपटी, हात धरायच्या जागी लोखंड घासून गुळगुळीत झालेलं. रस्त्यात खड्डा घेताना नुसत्या आवाजावरून दादा सांगायचे, खाली मुरूम आहे, दगड आहे की पाइप. आता रस्त्यात खड्डा घेऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. वाळूच्या पिंपात वासा उभा करतो. नव्या मांडववाल्यांना सांगतो, वाळू ओली करून थराथराने ठासा. कोरड्या वाळूत वासा डुलतो, आणि वासा डुलला की मांडवाखाली माणूस निवांत बसत नाही. काथ्यासुद्धा आदल्या रात्री भिजत घाला. टिकलेल्या गाठीचं निम्मं श्रेय त्या भिजवण्याला असतं.

पेठेतलं काम कमी होत गेलं ते एका दिवसात नाही. वाडे उतरले, मुलं कोथरूडला, सिंहगड रोडला राहायला गेली, आणि लक्ष्मी रोडला यायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न ‘गाडी कुठे लावायची?’ २०१८ मध्ये सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला. ते काम आमच्याकडे कधीच नव्हतं, तरी मला चुटपुट लागली. डिसेंबरच्या थंडीत शाल पांघरून शनिवार पेठेत येणारी माणसं दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत खरेदी करून जायची. त्यातच मंडईला मेट्रोचं खोदकाम सुरू झालं आणि वर्षानुवर्षं तो भाग पत्र्याआड गेला.

मग आलं २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या वहीत एप्रिल-मेची एकवीस लग्नं लिहिलेली होती. सगळ्यांची आगाऊ रक्कम परत केली. काहींनी नंतर घ्या म्हटलं, तरी केली. पुढे लग्नाला पन्नास माणसं ठरली, त्याला मांडव कोण घालतो? गणपतीत सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, मिरवणूक नाही, मानाचे गणपतीसुद्धा साधेपणाने बसले. त्या वर्षी आमचे बांबू बाहेर पडले ते एकाच कामाला, गल्ल्या बंद करायला. चौकाचौकांत बांबू आणि पत्रे आडवे. ज्या बांबूंनी साठ वर्षं लोकांना बोलावलं, त्यांनीच लोकांना अडवायचं. बांधताना आमच्या वस्तादांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या कामाचे पैसे हातात यायला चौदा महिने लागले. तेवढ्यात मी एक टेम्पो विकला, बायकोचे दागिने गहाण ठेवले आणि गोडाऊनचं निम्मं भाडं थकवलं.

बांबू नुसता पडून राहिला की त्याला भुंगा लागतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी थप्पीवर हात फिरवला तर बोटांना पिवळसर भुकटी लागली. एक बांबू गुडघ्यावर टेकवून दाबला, कट्कन मोडला. आत सगळी चाळण. मग कनाती उलगडल्या. लाल कापडाच्या घडीत उंदरांनी घर केलेलं, सहा कनातींना एका रेषेत भोकं. ती घडी तशीच मांडीवर घेऊन मी तासभर बसून होतो. धंदा बंद करायचा हे त्या तासात जवळजवळ ठरलं होतं.

वाचलो ते भांडीवाल्या अण्णांमुळे. तुळशीबागेजवळ त्यांचं तांब्या-पितळेचं दुकान आणि दादांच्या काळापासून त्यांच्या गल्लीच्या गणपतीचा मांडव आमचा. दोन्ही वर्षं मांडव नव्हता, तरी अण्णांनी ठरलेली रक्कम पाकिटात घालून घरी आणून दिली. मी घेईना. ते म्हणाले, “मांडव नाही घातलास, पण बांबू जगवायचे आहेत ना? उद्या गल्लीत माणसं बोलवायची म्हटली तर मी कुणाकडे जाऊ?” दुकान त्यांचंही बंदच होतं, हे मला माहीत होतं. त्या पैशातून शंभर नवे बांबू घेतले.

आणि अण्णांनी खरंच माणसं बोलावली. २०२१ पासून महापालिकेने ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला. त्या दिवशी लक्ष्मी रोडचा एक पट्टा गाड्यांना बंद. रस्त्याच्या मधोमध म्हातारी माणसं हात न धरता चालताना अण्णांनी पाहिली आणि पुढच्या वर्षी आपल्या गल्लीची एक संध्याकाळ करायचं ठरवलं. आराखडा मी केला. सकाळी सहाला, हातगाड्या लागायच्या आत, टेप घेऊन गल्ली मापली. स्टेज मधे घेतलं नाही. एका टोकाला गाणं, दुसऱ्या टोकाला खाण्याचे ठेले, म्हणजे माणसाला गाणं ऐकून खायला जायचं तर सगळ्या दुकानांसमोरून चालावंच लागतं. मधे प्यायचं पाणी आणि बसायला बाकडी, कारण बायका थकल्या की आधी खरेदी थांबते. बंबाला वाट मोकळी. विजेच्या पेटीभोवती सहा फूट काही नाही. त्या संध्याकाळी दुकानं रात्री साडेदहापर्यंत उघडी होती.

पुढच्या वर्षी कार्यक्रम मोठा करायचा म्हणून कार्यक्रमाच्या समितीने बाहेरची एक इव्हेंट कंपनी बोलावली. बैठकीला मीही होतो. त्यांच्या माणसाने आराखडा म्हणून जो कागद टेबलावर ठेवला, तो माझा होता. वर त्यांचं नाव छापलेलं आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात, ‘इथे पेटी, हात लावू नये.’ झेरॉक्समध्ये माझ्या चहाच्या कपाचा गोल डागसुद्धा आला होता. मी बोललो. मला सांगितलं गेलं की नकाशा काय, गल्ली तर सगळ्यांचीच आहे. काम त्यांना गेलं. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचंही नाही.

नकाशा घेतला, पण त्यातलं कारण घेतलं नाही. त्यांनी ट्रस, म्हणजे लोखंडी सांगाडा, आणि मोठा पडदा गल्लीच्या मधोमध उभा केला, कारण फोटो तिथून चांगला येतो. माणसं पडद्यासमोर साचली. पलीकडच्या अर्ध्या गल्लीत एक गिऱ्हाईक गेलं नाही, आणि तीन दुकानांची शटर ट्रसच्या पायामुळे पूर्ण वर गेली नाहीत. अण्णा दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. पेठ जगवायला कार्यक्रम करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, आधी दुकानदाराला विचारा की त्याचं गिऱ्हाईक कुठल्या बाजूने येतं. रोषणाई नंतर ठरवा.

काम परत आमच्याकडे आलं. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली, मंडईला स्टेशन झालं, आणि गाडी लावायचा प्रश्न घेऊन घरी बसणारी माणसं पुन्हा दिसू लागली. म्हणून आता आम्ही स्वागताची कमान मंडईच्या बाजूला घेतो. पूर्वी ती लक्ष्मी रोडच्या तोंडाला असायची.

यंदाच्या कामासाठी गेल्या रविवारी सकाळी सहाला पुन्हा मापायला गेलो. टेपचं दुसरं टोक मुलीच्या हातात होतं. अण्णांच्या दुकानासमोर गल्ली चार इंच कमी भरली. दोनदा मापलं. समोरच्या नव्या दुकानाने पायरी पुढे घेतली आहे. त्या दुकानदाराला भेटायला उद्या अण्णा आणि मी जाणार आहोत.