फ्ला, पाइप्स आणि एक दुखरा खांदा

मी मलिंगारमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. गाव वेस्टमीथ काउंटीत, डब्लिनपासून साधारण 80 किलोमीटर, वस्ती बावीस हजारांच्या आसपास. एरवी शांत असतं, पण 2022 च्या ऑगस्टमध्ये इथे फ्ला भरला आणि मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा उरली नाही. फ्ला म्हणजे आयरिश पारंपरिक संगीताचा सगळ्यात मोठा वार्षिक उत्सव. पहिला भरला 1951 ला, तोही मलिंगारमध्येच, कोल्तस ही पारंपरिक संगीत जपणारी संस्था त्याच वर्षी सुरू झाली आणि तिनेच तो भरवला, पुढे तो गावोगाव फिरत राहिला. कोविडमुळे 2020 आणि 2021 मध्ये झालाच नव्हता, त्यामुळे लोक नुसते आसुसलेले होते.

आमच्या क्लिनिकमध्ये फ्लाची चाहूल दीड-दोन महिने आधीच लागली होती. फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या माना, बँजोवाल्यांची मनगटं, बटण अकॉर्डियन मांडीवर घेऊन तासन्‌तास बसणाऱ्यांच्या पाठी, सगळं एकदम यायला लागलं. इथे स्पर्धा म्हणजे गंमत नाही, मुलं आधी काउंटीच्या फ्लामध्ये वाजवतात, तिथून निवडली गेली तर प्रांताच्या, आणि त्यातूनही वर आली की मगच ऑल-आयर्लंडला. गट 12 वर्षांखालच्या पोरांपासून सुरू होतात. एक छोटी मुलगी कॉन्सर्टिनाचा, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या छोट्या भात्याच्या वाद्याचा, सराव करून करून अंगठा सुजवून घेऊन आली होती, तिच्या आईला मी स्पष्ट सांगितलं की दिवसाला दोन तास बस्स, आणि तेही मध्ये मध्ये थांबून. आईला ते आवडलं नाही पण मुलीच्या चेहऱ्यावर सुटका दिसली मला.

पण मला सांगायचंय ते एका काकांबद्दल. वय साठीच्या पुढे, दुधाच्या गायी, आणि चाळीसेक वर्षांपासून इलन पाइप्स वाजवतात. ज्यांनी हे वाद्य पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्कॉटिश बॅगपाइप्समध्ये तोंडाने हवा फुंकतात तसं इथे नसतं. उजव्या कोपराखाली भाता बांधलेला असतो, तो कोपर बाहेर-आत करून चालवायचा, त्यातली हवा डाव्या काखेतल्या चामड्याच्या पिशवीत जाते, डाव्या हाताने ती पिशवी दाबून दाब सांभाळायचा, वरचं सप्तक काढायचं तर जास्त दाबायची, दोन्ही हातांची बोटं चँटरवर म्हणजे सूर काढायच्या नळीवर, तीन ड्रोन सतत एकच सूर धरून ठेवतात, आणि हे सगळं चालू असताना उजव्या हाताच्या तळव्याच्या कडेने रेग्युलेटरच्या किल्ल्या दाबून वरून कॉर्डही द्यायचे. बसूनच वाजवतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माणसाला दोन हात कमीच पडत असणार! 1968 मध्ये पाइपवाल्यांची ना पीबरी इलन ही संस्था स्थापन झाली तेव्हा देशात शंभरही वादक उरले नव्हते असं म्हणतात, आणि 2017 मध्ये युनेस्कोने ही कला मानवी वारशाच्या यादीत घेतली. म्हणजे जवळजवळ संपत आलेली गोष्ट लोकांनी हाताने धरून परत उभी केली, याचं मला फार अप्रूप आहे.

तर काकांचा उजवा खांदा दुखत होता. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, हात बाजूने वर घेताना. मान तपासली, तिथून काही येत नव्हतं, फ्रोझन शोल्डर नव्हता कारण मी हात फिरवला तर पूर्ण फिरत होता, रोटेटर कफच्या टेंडनचा, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांचा, त्रास होता हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं. व्यायाम दिले, त्यांनी ते मन लावून केले (शेतकरी पेशंट माझे लाडके, सांगितलं की करतातच), गोठ्यातली कामं बिनदुखता व्हायला लागली. पण पाइप्स वाजवले की दुसऱ्या दिवशी खांदा पुन्हा तसाच. मी वाद्य क्लिनिकमध्ये आणायला सांगितलं, त्यांनी बिनहाताच्या खुर्चीत बसून एक संथ धून वाजवली, इतकी सुंदर की बाहेर रिसेप्शनवरची माणसं दाराशी येऊन उभी राहिली, आणि खांद्यात मला काहीही वावगं दिसलं नाही. तेव्हा काका म्हणाले, "इथे नाही कळायचं तुला, शनिवारी सेशनला ये."

शनिवारी दुपारी क्लिनिक बंद करून गेले. वाटेत दर दहा पावलांवर पोरं वाजवत होती, पुढ्यात वाद्याची पेटी उघडी, त्यात नाणी. पबमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाभोवती दहा-बारा माणसं, फिडल, फ्लूट, एक बोरॉन म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा हातात धरायचा डफ, आणि पाइप्स दोन, एक काकांचे आणि एक गॉलवेहून आलेल्या बाईंचे. स्टेज नाही, माइक नाही, कागद तर नाहीच. एकजण सुरू करतो, बाकीचे ओळखतात आणि शिरतात, तीच धून दोनदा-तीनदा वाजते आणि मग कुणीतरी नजर वर करतं की सगळे एकदम दुसऱ्या धुनेत. ज्याला ती येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून ऐकतो. मला हे फार आवडलं, कुणाला कमीपणा नाही त्यात.

मी मात्र खांदे बघत होते. आणि इथे चित्र वेगळंच होतं. एक तर काका भिंतीला लागून बसले होते, उजवा कोपर बाहेर जायला जागाच नव्हती म्हणून ते खांदा कानाकडे उचलून भाता चालवत होते. दुसरं म्हणजे रील, म्हणजे नाचाची वेगवान धून, सुरू झाली, वेग वाढला, आणि समोरच्या बाईंचा भाता शांतपणे चालू होता तर काकांचा जवळजवळ दुप्पट वेगाने. धून तीच, वाद्यं सारखी, मग एवढा फरक का? दोन धुनांच्या मधल्या वेळात मी बाईंना सरळ विचारलंच, की यांना इतकं पंपिंग का करावं लागतंय. बाईंनी काकांकडे बघितलं, म्हणाल्या बॅग भर. काकांनी पिशवी फुगवली, चँटर गुडघ्यावर दाबून बंद धरला, ड्रोन बंदच होते. हवा जायला कुठेच वाट नाही म्हणजे पिशवी फुगलेली राहायला हवी, पण ती बघता बघता बसली. बाईंनी शिवणीवर ओला गाल लावून हवेची झुळूक शोधली आणि बोट ठेवलं, इथे. चामडं जुनं झालं की शिवणीतून हवा पाझरते, संथ धुनेत ते लपून जातं, वेगात नाही लपत.

टेबलावर एकदम चर्चा पेटली, कुणी म्हणे आतून सीझनिंग म्हणजे चामड्यातल्या फटी बुजवणारं द्रव ओत, कुणी म्हणे नवी पिशवीच लाव, प्रत्येकाचा ओळखीचा पाइपमेकर वेगळा. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, सगळ्यांना सरकवून काकांना बाकाच्या मोकळ्या टोकाला बसवलं. खांदा तिथल्या तिथे दोन इंच खाली आला.

मग कुणीतरी गाणं मागितलं आणि वाद्यं थांबली. कॉनेमारातला एक म्हातारा आयरिशमध्ये शॉन-नोस, म्हणजे जुन्या पद्धतीचं गाणं, गायला, साथ काहीच नाही, डोळे मिटलेले, आणि शेजारच्या माणसाने त्याचा हात हातात घेऊन गाण्याच्या लयीत हळूहळू गोल फिरवत ठेवला, पूर्ण गाणं होईपर्यंत. ही इथली जुनी रीत आहे. दिवसभर लोकांचे हात धरून फिरवणं हेच माझं काम, पण असा धरलेला हात मी कधी बघितला नव्हता. माझे डोळे भरून आले, लपवलं नाही मी.

काकांच्या पिशवीला सप्टेंबरात आतून सीझनिंग झालं, शिवण बंद झाली. व्यायाम चालूच ठेवले होते, फक्त वाजवणं पहिले तीन आठवडे वीस-वीस मिनिटांवर आणलं आणि मग वाढवत नेलं. ख्रिसमसच्या आसपास ते रात्रभराचं सेशन करून आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दूधही काढलं. आता वादक पेशंट आला की मी वाद्य आणायला सांगतेच, वर त्यांचा सगळ्यात वेगाचा तुकडा वाजवायला लावते, आणि नेहमी कुठे बसता, शेजारी कोण बसतं, भिंत कुठल्या बाजूला असते हेही फॉर्मवर लिहून घेते.